घरच्या घरी ऑडिओ रॅक: चार फळ्या, चार रॉड आणि भरपूर नट

ऑडिओचा रॅक, म्हणजे ॲम्प, सीडी प्लेअर वगैरे एकावर एक ठेवायची उघडी मांडणी, स्वतः बनवायला घेणारे बहुतेक जण तो समोरून कसा दिसेल ह्याचाच विचार करत बसतात, कुठलं लाकूड, कुठला रंग, कडा गोल की सरळ. पण रॅक फसतो तो जवळपास नेहमी मागच्या बाजूने. ॲम्प (स्पीकरला ताकद देणारं मशीन) फळीवर बसतो पण मागे वायर लावली की चार बोटं बाहेर येतो, वरच्या कप्प्यात हवा खेळत नाही म्हणून तासाभरात हात लावता येत नाही इतका तापतो, एक वायर बदलायची तर अख्खा रॅक ओढून फिरवावा लागतो. त्यामुळे खाली जे सांगतोय त्यात मोजमापापासून वायरिंगपर्यंत सगळं मागून पुढे असं आहे, दिसण्याचा भाग छोटा आहे.

डिझाईन एकदम साधं घेतलंय. चार फळ्या, चारही कोपऱ्यांत भोकं, त्यातून आरपार जाणारे आट्यांचे लोखंडी रॉड (दुकानात थ्रेडेड रॉड किंवा स्टड म्हणून मागा), आणि प्रत्येक फळीच्या वर एक नट, खाली एक नट. हे अजिबात नवीन नाही, हौशी लोक खूप वर्षं असेच रॅक बनवत आलेत. कारण ह्यात सुतारकामातले सांधे येत नाहीत, आणि उद्या नवीन मोठा ॲम्प आणला तर नट फिरवून कप्प्याची उंची बदलता येते. पेटीसारखं बंद कपाट बनवलं की ही सोय गेली.

१. आधी मोजा, आणि मागून मोजा

फुल साईझचे ॲम्प, सीडी प्लेअर वगैरे बहुतेक ४३० ते ४३५ मिमी रुंद असतात, त्यामुळे रुंदीत फार डोकं लावायची गरज नाही. गोंधळ होतो तो खोलीत, म्हणजे पुढून मागे किती ह्यात. माहितीपत्रकात लिहिलेली खोली कधी मागच्या टर्मिनलसकट (वायर लावायच्या जागांसकट) असते कधी नसते, म्हणून स्वतः टेप लावा, पुढच्या नॉबच्या टोकापासून मागच्या सर्वात बाहेर आलेल्या टर्मिनलपर्यंत. त्यात वायरींसाठी ८० ते १०० मिमी मिळवा. जाड स्पीकर वायर आणि मोठ्या डोक्याची पॉवर केबल पटकन वळत नाही, जबरदस्तीने वळवली की सगळा ताण सॉकेटवर येतो आणि सॉकेट आतून सैल होतं.

हा आकडा फळीच्या खोलीत बसायलाच पाहिजे असं नाही. रॅक मागून उघडा आहे, वायरी फळीबाहेर लोंबल्या तरी चालतात. पण मग रॅक आणि भिंत ह्यांच्यात तेवढी जागा सोडावी लागणार, आणि रॅक खोलीत तेवढा पुढे येणार, हे आत्ताच बघून ठेवा.

उंची मोजताना मशीनची उंची अधिक वरची मोकळी जागा असं धरा. साध्या ॲम्पच्या किंवा एव्ही रिसीव्हरच्या वर किमान १०० मिमी तरी ठेवा, मॅन्युअलमध्ये जास्त सांगितलं असेल तर ते ऐका. क्लास ए प्रकारचा ॲम्प गाणं चालू नसतानाही जवळपास पूर्ण तापलेला असतो आणि काचेच्या ट्यूबवाल्याचं तर विचारूच नका, टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) नसेल तर त्याला सगळ्यात वरची उघडी फळीच द्या. क्लास डी प्रकारचा कमी तापतो, त्याला कमी जागेत भागतं. हवेच्या बाबतीत कंजुषी का करू नये तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, त्यांचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. सीडी प्लेअर, डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा डबा), स्ट्रीमर (इंटरनेटवरची गाणी वाजवणारा) ह्यांना वर ४०-५० मिमी पुरे, तेही मुख्यतः हात घालून मागची वायर चाचपता यावी म्हणून.

टर्नटेबल असेल तर त्याचं झाकण पूर्ण उघडून उंची मोजा. आणि उघडताना झाकण मागे किती जातं तेही, कारण बऱ्याच टर्नटेबलचं झाकण मागच्या बाजूने बाहेर झुकतं आणि भिंतीला टेकतं. हे हमखास विसरलं जातं.

२. काय कुठे ठेवायचं ते कागदावर

टर्नटेबल वरच्या फळीवर, ह्यात वाद नाही. बाकी प्रश्न ॲम्पचा. उष्णता वर जाते म्हणून ॲम्प वर ठेवावा हे बरोबर, पण वर टर्नटेबल असेल तर त्याच्या लगेच खाली ॲम्प नको. टर्नटेबलची सुई जिच्यात बसते त्या कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल फारच बारीक असतो, मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात साधारण ५ मिलिव्होल्ट आणि मूव्हिंग कॉइल प्रकारात त्याच्याही दहाव्या हिश्शाच्या आसपास, तर सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. एवढ्या बारीक सिग्नलजवळ ॲम्पचा मोठा ट्रान्सफॉर्मर आला की स्पीकरमध्ये घूंऽऽ सुरू. म्हणून जड ॲम्प सगळ्यात खाली, त्याच्यावर भरपूर मोकळी जागा, मध्ये सीडी आणि डॅकसारख्या थंड वस्तू, वर टर्नटेबल. वजन खाली राहिल्याने रॅकही डुलत नाही. फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल मोठा करणारा डबा) वेगळा असेल तर तो टर्नटेबलच्या खालच्या कप्प्यात, ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरच्या विरुद्ध बाजूला.

टर्नटेबल नसेल तर सरळ ॲम्प वर ठेवून मोकळे व्हा. फक्त २०-२५ किलोचं धूड असेल तर खालीच बरं, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

मी पुढे सगळीकडे हे उदाहरण धरलंय: फळी ६०० × ४५० मिमी, जाडी १८ मिमी, एकूण चार. तळची फळी जमिनीपासून ६० मिमी वर (झाडू जायला पाहिजे), त्याच्यावर ॲम्पचा कप्पा २८० मिमी, मग दोन कप्पे १५० चे. बेरीज करा, ६० + २८० + १५० + १५० आणि चार फळ्यांचे ७२, झाले ७१२ मिमी. त्यावर वरच्या वॉशर-नटासाठी साधारण १५ मिमी, म्हणजे रॉड सव्वासातशेच्या आसपास. तुमचे आकडे वेगळे येतील, हिशोब तोच.

३. सामान आणि हत्यारं

सामान:
- १८ मिमी प्लाय किंवा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी), चार फळ्यांपुरतं
- एम१२ (म्हणजे १२ मिमी जाडीचे) थ्रेडेड रॉड, १ मीटरचे ४
- एम१२ साधे नट ३२ (फळ्यांना २८, पायाला लॉक म्हणून ४), वर दोनचार जास्तीचे
- एम१२ टोपीवाले, एका बाजूने बंद नट ८ (४ वर, ४ पायाला)
- मोठ्या व्यासाचे वॉशर ३२
- पायाखाली ठेवायला रबर किंवा फेल्टच्या चकत्या
- प्रायमर, रंग किंवा पॉलिश, कडांसाठी एज बँडिंगची पट्टी
- पॉलिश पेपर १२०, १८० आणि २२० नंबर

हत्यारं: ड्रिल, लाकडाचं १३ मिमी बिट, दोन क्लॅम्प, हॅक्सॉ, कानस, गुण्या, टेप, स्पिरिट लेव्हल, १८ किंवा १९ चे दोन पान्हे (एम१२ नट दोन्ही मापांत मिळतात, नट घेऊन मगच पान्हा घ्या), धुळीचा मास्क, चष्मा.

रॉडच्या जाडीबद्दल, कारण इथे लोक काटकसर करतात. रॉडचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १० मिमीवरून १२ वर गेलात तर दुप्पट, आणि १२ वरून १६ वर गेलात तर तिपटीहून जास्त. ह्या प्रकारच्या रॅकला खालीवर वजनाचा त्रास होत नाही, त्रास होतो तो आडवं डुलण्याचा, आणि डुलणं थांबवणारी गोष्ट हीच. पाऊण मीटर उंचीपर्यंत एम१२ व्यवस्थित, त्याच्यावर जायचं असेल किंवा ॲम्प फार जड असेल तर एम१६ घ्या. एम१० घेऊच नका. एम१६ ला भोक १७ किंवा १८ मिमी लागतं, घरगुती ड्रिलचा चक बहुतेक १३ पर्यंतच उघडतो, त्यामुळे बारीक दांड्याचं चपटं बिट बघावं लागेल.

स्टेनलेसचे रॉड दिसतात छान पण एक सांगून ठेवतो, स्टेनलेस नट स्टेनलेस रॉडवर कोरडाच जोरात फिरवला तर मध्येच असा जाम होतो की पुढे जात नाही मागे येत नाही, कापूनच काढावा लागतो. तेलाचं बोट लावा आणि हळू फिरवा. साधे झिंक चढवलेले रॉड पहिल्यांदा बनवणाऱ्याला जास्त सोपे.

प्लाय की एमडीएफ? एमडीएफ सपाट असतं, कापायला सोपं, रंग सुंदर बसतो, पण त्याच जाडीच्या प्लायपेक्षा जास्त वाकतं आणि पाण्याचा थेंब मुरला की फुगून बसतं. चांगला प्लाय हलका आणि ताठ. मी प्लायच्या बाजूचा आहे. एमडीएफच घ्यायचं असेल तर ॲम्पची फळी २५ मिमी घ्या, ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो त्यामुळे १८ ऐवजी २५ म्हणजे अडीचपटीहून जास्त फरक पडतो.

४. फळ्या कापून घ्या, स्वतः कापत बसू नका

जिथून प्लाय घेताय तिथे मोठ्या मशीनवर कापून मिळत असेल तर तिथेच कापून घ्या. हातकरवतीने चार फळ्या तंतोतंत सारख्या कापणं नवख्याचं काम नाही आणि त्यात शिकण्यासारखंही फार काही नाही. ८ × ४ फुटी शीट म्हणजे २४४० × १२२० मिमी, तिच्या अर्ध्यात चार फळ्या आरामात बसतात. कापणाऱ्याला आधीच सांगा की चारही फळ्या एकाच सेटिंगवर काप. पातं दर कापाला ३ मिमीच्या आसपास लाकूड खातं, ते त्याला माहीत असतं पण तुमच्या कागदावरही असू दे.

घरी आल्यावर चारही फळ्या एकमेकांवर ठेवून कडा जुळवून बघा. मिलिमीटरभर फरक चालतो. फळीला बाक असेल तर मात्र ती परत करा, नटाने आवळून सरळ होईल अशी आशा ठेवू नका.

५. भोकं पाडणं, सगळ्यात महत्त्वाचं

घाई करायची असेल तर बाकी कुठेही करा, इथे नको. चारही फळ्यांची भोकं एका रेषेत आली नाहीत तर रॉड तिरके जातात, आणि मग कितीही आवळा रॅक तिरपाच.

एका फळीवर दोन्ही कडांपासून ३५ मिमी आत खुणा करा, चारही कोपऱ्यांत. म्हणजे रॉडच्या मध्यापासून मध्यापर्यंत ५३० मिमी, आणि रॉडची जाडी वजा जाता मध्ये ५१८ मिमी मोकळे, ४३५ चा ॲम्प आत सरकवायला दोन्ही बाजूंना चार-चार सेंटीमीटर. मोठा वॉशर ३७ मिमीचा असतो, तोही कडेच्या बाहेर येत नाही. खुणा झाल्या की कर्ण मोजा, दोन्ही तिरके कर्ण सारखे आले पाहिजेत. हे एक माप चुकलेली खूण लगेच पकडून देतं.

आता दोन पद्धती. ड्रिल स्टँड असेल आणि बिट लांब असेल तर चारही फळ्या वहीच्या पानांसारख्या जुळवून क्लॅम्प करा आणि एकदम भोक पाडा. हातात धरून ड्रिल चालवणार असाल तर ते करू नका, ७२ मिमी खोल जाईपर्यंत बिट थोडं तरी कलतंच आणि खालच्या फळीवरचं भोक भलतीकडे निघतं. त्यापेक्षा पहिली फळी नीट पाडून घ्या आणि तिलाच साचा करा, तिच्याखाली एक-एक फळी क्लॅम्प करून त्याच भोकांतून बिट घाला. हळू आहे पण चुकत नाही. साचा म्हणून दर वेळी पहिलीच फळी वापरा, दुसरीवरून तिसरी तिसरीवरून चौथी असं केलं की चूक वाढत जाते.

खाली नेहमी एखादा टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट लावा, नाहीतर बिट बाहेर पडताना प्लायची खालची पापुद्री उचकटते आणि ते नेमकं समोरून दिसतं. भोक १३ मिमी, रॉड १२, हा एक मिमीचा खेळ मुद्दाम ठेवलाय.

सगळ्यात शेवटी चारही फळ्यांच्या एकाच कोपऱ्यावर खालच्या बाजूने पेन्सिलने खूण करा, ‘पुढे डावा’ असं काहीतरी. जोडताना फळी उलटीसुलटी फिरली तर ते अर्धा मिमीचे फरक बाहेर येतात.

६. रंग-पॉलिश

हे भोकं पाडल्यावर, जोडणीच्या आधी. एमडीएफ घासताना मास्क लावाच, धूळ फार बारीक असते आणि त्यात रेझिन असतं. एमडीएफच्या कडा रंग पितात, तीन हात मारले तरी खडबडीत दिसतात, म्हणून आधी लाकडाचा पांढरा गोंद पाणी घालून पातळ करून कडांना चोपडा, वाळला की २२० ने घासा, मग प्रायमर. प्लायच्या कडांना पट्टी लावून टाका.

घाई नडते ती इथे: रंग हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही. लगेच मशीन ठेवलं की त्याचे रबरी पाय रंगाला चिकटतात आणि उचलताना गोल डाग सोडतात. रंगाच्या डब्यावर पूर्ण पक्का व्हायला लागणारा वेळ दिलेला असतो, वाळायला लागणारा नव्हे तो, तेवढं थांबा.

७. रॉड कापणं

कापायच्या जागेच्या अलीकडे, म्हणजे जो भाग ठेवायचाय त्या बाजूला, आधी दोन नट चढवून ठेवा आणि मग कापा. हॅक्सॉने कापल्यावर टोकाचे आटे चेंगरतात, ते नट बाहेर काढले की आटे आपोआप सरळ होतात. नंतर कानसीने टोकाची धार मारा. चारही रॉड शेजारी शेजारी उभे करून उंची जुळवा. नवीन रॉडवर तेलाचा थर असतो, तो थिनरच्या कापडाने पुसून टाका नाहीतर रंगवलेल्या फळ्यांवर काळे बोटांचे ठसे.

उरलेले तुकडे फेकू नका. लांब कपलिंग नट मिळतो, त्याने पुढे कधी एक कप्पा वाढवता येतो.

८. जोडणी

एम१२ नट एका फेऱ्यात १.७५ मिमी सरकतो. तीनशे मिमी खाली न्यायचा तर १७० च्या वर फेरे, आणि असे ढीगभर नट. दोन तीन जण असाल तर गप्पा मारत होतं, एकटे असाल तर रॉडचं खालचं टोक चिकटपट्टी गुंडाळून ड्रिलमध्ये धरा, अगदी कमी वेगावर फिरवा आणि नट पान्ह्यात धरून ठेवा, तो सरसर चालत जातो. हातमोजे, सैल बाह्या, मोकळे केस अजिबात नकोत, आट्यांत अडकतात. आणि हे स्टेनलेसवर करू नका, कारण वर सांगितलंय.

क्रम असा. चारही रॉडवर तळच्या फळीचा खालचा नट आणि वॉशर एकाच उंचीवर आणा, त्यांच्याखाली पायाचा लॉक नट आणि टोपी नट चढवा. उंची डोळ्याने नको, ६० मिमीचा लाकडी ठोकळा कापून मापक म्हणून वापरा. मग फळी, वर वॉशर, वर नट, फक्त हाताने घट्ट. मग पुढच्या फळीचा खालचा नट, वॉशर, फळी, असं वर जात राहा. वॉशर घालायचा विसरलात तर वरचं सगळं उतरवावं लागतं, तेव्हा प्रत्येक फळीला चार कोपरे मोजून पुढे जा. पान्हा शेवटपर्यंत उचलायचा नाही. एक फळी आधीच आवळून टाकली तर बाकीच्यांना जुळायला जागा राहत नाही.

वरच्या टोपी नटाला एक खोड आहे. रॉड फळीच्या वर जास्त बाहेर आला असेल तर टोपी आतून रॉडच्या टोकाला टेकते, तुम्हाला वाटतं घट्ट बसला, पण फळी खाली सैलच असते. टोपीची आतली खोली काडी घालून मोजा आणि रॉड त्याच्यापेक्षा थोडा कमीच बाहेर ठेवा.

९. लेव्हल आणि पाय

रॅक त्याच्या कायमच्या जागेवर न्या, कारण जमीन प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. पायाच्या टोपी नटाच्या वर तो लॉक नट आहे ना, तो सैल करून टोपी थोडी वरखाली करता येते, काही मिलिमीटरचीच मुभा आहे पण तेवढी पुरते. आधी तळची फळी लेव्हलला आणा, पुढेमागे आणि डावीउजवीकडे दोन्ही, मग लॉक नट आवळा. मग बाकीच्या फळ्या त्यांच्या खालच्या नटांनी. आणि आता पान्हा घेऊन तळापासून वर सगळे वरचे नट आवळा, खालचा नट दुसऱ्या पान्ह्याने धरून. फार जोर नको, वॉशर लाकडात रुतायला लागला की थांबा.

हाताने आडवं ढकलून बघा. थोडंसं लवचिक वाटेल, पण डुलत राहिलं तर मागच्या दोन रॉडमध्ये तिरकी लोखंडी पट्टी टाका, किंवा वरची फळी एका लोखंडी कोनाने (एल आकाराच्या पट्टीने) भिंतीला धरा. मुलं असलेल्या घरात भिंतीला धराच.

पायाला लावायचे टोकदार स्पाईक गालिचावर ठीक, फरशीवर ओरखडे पाडतात, तिथे साधी टोपी आणि खाली चकती. स्पाईकने डॅकचा आवाज उघडतो वगैरे जे म्हणतात त्यात मला काही तथ्य वाटत नाही. हादऱ्यांचा खरा फरक पडतो तो टर्नटेबलला आणि थोडा ट्यूबना. जमीन लाकडी असेल आणि चालताना सुई उडत असेल तर कुठलाच उभा रॅक ते पूर्ण थांबवणार नाही, टर्नटेबलसाठी भिंतीवरची वेगळी फळी हा त्यावरचा इलाज. आणि रॅक स्पीकरच्या अगदी शेजारी किंवा कोपऱ्यात ठेवू नका, तिथे बास साचतो.

१०. वायरी

मशीन ठेवण्याआधीच ठरवा: मागून बघताना एका बाजूच्या रॉडला सगळ्या पॉवर केबल, दुसऱ्या बाजूच्या रॉडला सिग्नलच्या. कुठे एकमेकांना ओलांडायलाच लागल्या तर काटकोनात. वेल्क्रोच्या कापडी पट्ट्यांनी बांधा, प्लॅस्टिकचे टाय दर बदलाला कापावे लागतात आणि कापताना कधीतरी वायरच कापली जाते. आटे धारदार असतात, जिथे केबल रॉडला घासते तिथे रॉडवर पाइपचा चिरलेला तुकडा चढवा, पॉवर केबलच्या बाबतीत तर हे करायलाच पाहिजे. फळी आणि वॉशरमध्ये कुठली वायर चेपली जात नाही ना तेही बघा. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार फोनो स्टेजच्या स्क्रूला लावा, घूं आवाज आला की सगळ्यात आधी तीच तपासायची.

सगळं बंद ठेवून जोडा, मग ॲम्प शेवटी चालू करा. तासभर गाणी लावा आणि ॲम्पच्या वरच्या फळीच्या खालून हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, गरम लागली तर ती फळी दोन-तीन सेंटीमीटर वर घ्या, रॅक असा बनवला तो ह्याचसाठी.

दोन-तीन आठवड्यांनी पान्हा परत काढा. वजनाखाली लाकूड वॉशरपाशी किंचित दबतं आणि नट सैल पडतात, ते एकदा आवळून परत लेव्हल लावा.